पैशाच्या सल्लागाराची पात्रता

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या प्रांतांतील पुष्कळ शेतकऱ्यांवर एक अपूर्व प्रसंग येऊन गेला आहे. नागपुरापासून मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग झाला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्यें वाहतुकीस खुला झाला. ह्या एका रस्त्यानें दहा जिल्ह्यांतील शेतें कापलीं. धरणें, कालवे, लोहमार्ग, औद्योगिक वसाहती ह्यांची गोष्ट वेगळीच. ज्याच्या वाडवडिलांनीं एकरकमी दहा हजार रुपये कधीं पाहिले नव्हते, त्याच्या खात्यावर एका दिवसांत तीस-चाळीस लाख रुपये येऊन पडले. जमीन गेल्याचें दुःख मानावें कीं पैसा आल्याचा आनंद मानावा, हें ठरविण्यास त्यास उसंत मिळण्यापूर्वींच त्याच्या ओसरीवर मंडळी येऊं लागली. मोटारी विकणारे आले, भूखंडवाले आले, दूरचे सोयरे आले. आणि ह्या सर्वांपेक्षां गोड बोलणारा, ज्याच्या कार्डावर ‘आर्थिक सल्लागार’ असें छापलें आहे असा एक गृहस्थहि आला. त्याच्याविषयीं आज दोन शब्द लिहिण्याचा आमचा विचार आहे.

घरचें जनावर आजारी पडलें तर आपण पदवी घेतलेला पशुवैद्य बोलावतों. दिवाणींत दावा लागला तर सनदी वकील पाहतों. बांधाची मोजणी करणारा भूकरमापक देखील शिकून व परीक्षा देऊन आलेला असतो. मात्र साऱ्या घराण्याच्या जमिनीचें मोल ज्याच्या शब्दावर आपण कागदांत गुंतवितों, त्यास ‘आपण काय शिकलां आहांत?’ असें विचारण्याचा आपणांस संकोच वाटतो. तो पाहुणा म्हणून आलेला असतो, चहा घेत असतो, पुष्कळदां बँकेच्या साहेबांनींच पाठविलेला असतो. संकोच वाटणें साहजिक आहे. परंतु त्याची किंमत फार पडते, असें आमच्या पाहण्यांत आलें आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. पैशाविषयीं बोलावयास आपल्याकडे येणारे लोक मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला विमा-प्रतिनिधि. त्यास दहावी उत्तीर्ण असणें, थोड्या तासांचें शिक्षण घेणें व एक लहानशी परीक्षा देणें एवढें पुरतें. अशा प्रतिनिधींची देशांतील संख्या वीस लाखांहून अधिक आहे. दुसरा म्युच्युअल फंडांचा वितरक. त्याची परीक्षा नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सिक्युरिटीज मार्केट्स ही संस्था घेते. ही संस्था आपल्याच रायगड जिल्ह्यांत पाताळगंगेस आहे. शंभरांपैकीं पन्नास गुण मिळाले म्हणजे तो पास होतो, व मग त्यास ‘एआरएन’ ह्या अक्षरांनीं आरंभ होणारा नोंदणी-क्रमांक मिळतो. तिसरा प्रकार म्हणजे सेबीकडे नोंदलेला गुंतवणूक-सल्लागार. त्याच्यासाठीं सेबीनें २०१३ सालीं स्वतंत्र नियम केले. त्यास एक सोडून दोन परीक्षा द्याव्या लागतात, शेंकडा साठ गुण मिळवावे लागतात, आणि चुकलेल्या उत्तराबद्दल गुण कापले जातात. त्याच्या नोंदणी-क्रमांकाचीं पहिलीं अक्षरें ‘आयएनए’ अशीं असतात. ह्या तिसऱ्या प्रकारच्या लोकांची संख्या साऱ्या हिंदुस्थानांत हजाराच्या आसपास आहे! तालुक्याच्या गांवीं राहून शेतकऱ्यांस सल्ला देणारा असा एकहि गृहस्थ अद्याप आमच्या पाहण्यांत आला नाहीं.

वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पहिले दोघे कायद्याच्या दृष्टीनें सल्लागार नव्हेत. ते विक्रेते आहेत. विकणें हा कांहीं गुन्हा नाहीं. परंतु विक्रेत्यानें सल्लागाराचें नांव धारण केलें म्हणजे घोटाळा होतो. हें ओळखूनच सेबीनें २०२० सालीं, नोंदणी नसलेल्या वितरकांनीं स्वतःस ‘स्वतंत्र आर्थिक सल्लागार’ किंवा ‘संपत्ति सल्लागार’ म्हणवूं नये, अशी मनाई केली. मनाई झाली, कार्डें मात्र पूर्वींचींच चाललेलीं दिसतात. विम्याच्या बाबतींत तर ‘विमा-सल्लागार’ हा शब्द इतका रूढ झाला आहे कीं, त्यांत कांहीं वावगें आहे असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

आमच्या एका सभासदाची हकीकत सांगतों. नांवगांव सांगण्याचें कारण नाहीं. त्याची अडीच एकर जमीन रस्त्यांत गेली. ज्या बँकेंत त्याचें पीककर्ज होतें तेथेंच मोबदल्याची रक्कम जमा झाली. आठ दिवसांच्या आंत शाखेंतील एका तरुण कर्मचाऱ्यानें त्यास बोलावून खुर्ची दिली. एरव्हीं कर्जाच्या कागदांसाठीं खिडकीपाशीं तासन् तास उभें राहणाऱ्या माणसास बँकेंत खुर्ची मिळणें ही लहान गोष्ट नव्हे. ‘पांच लाख भरा; विमाहि होईल आणि पैसाहि वाढेल,’ असें त्यास सांगण्यांत आलें. कागद इंग्रजींत होते. सह्या सात-आठ ठिकाणीं झाल्या. पांच लाख एकदांच भरावयाचे आहेत अशी आमच्या सभासदाची समजूत होती. पुढच्या वर्षीं हप्त्याची सूचना आली तेव्हां त्यास समजलें कीं, हे पांच लाख दहा वर्षें दरसाल भरावयाचे आहेत. तोंपर्यंत बाकीच्या पैशांतून घर उभें राहिलें होतें, एका मुलीचें लग्न झालें होतें, आणि कापूस बोंडअळीनें गेला होता. तो शाखेंत गेला, तों त्या तरुणाची बदली झालेली! एकच हप्ता भरून विमा सोडणारास त्या वेळच्या नियमांप्रमाणें कांहींच परत मिळत नसे. ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलून एका वर्षाचा पुरा हप्ता भरलेल्यासहि कांहीं रक्कम मिळण्याची तरतूद झाली आहे; आमच्या सभासदाचा प्रसंग त्यापूर्वींचा. त्याची अर्धा एकर जमीन त्या एका सहींत गेली, असें म्हटलें तरी चालेल.

आतां, हा तरुण अशिक्षित होता काय? मुळींच नाहीं. तो पदवीधर होता, आणि विमा विकण्यासाठीं लागणारी परीक्षाहि त्यानें दिलेली होती. एकरकमी हप्ता व दरसालचा हप्ता ह्यांतील भेद त्यास आपल्यापेक्षां चांगला माहीत होता. त्यास माहीत नव्हतें तें एवढेंच कीं, कोरडवाहू शेतकऱ्याचें उत्पन्न दरवर्षीं सारखें येत नाहीं. आणि तें माहीत करून घेण्याचें त्यास कांहीं कारणहि नव्हतें. दीर्घ मुदतीच्या विम्याच्या पहिल्या हप्त्यावर शेंकडा ३५ पर्यंत दलाली देण्याची मुभा अनेक वर्षें होती. २०२३ सालीं ही मर्यादा काढून कंपनीच्या एकूण खर्चावर मर्यादा ठेवण्यांत आली. दलाली शाखेला मिळो कीं प्रतिनिधीला मिळो, ज्या कागदावर ती अधिक तोच कागद आधीं पुढें येतो.

आमच्या वाचकांस हा प्रकार नवा वाटूं नये, कारण कृषि सेवा केंद्रांत आपण तोच रोज पाहतों. खतें व औषधें विकणाऱ्या दुकानदारांसाठीं हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेनें २००३ सालीं ४८ आठवड्यांचा एक पदविका-अभ्यासक्रम सुरू केला. पुढें कीटकनाशकांच्या विक्रीच्या परवान्यास शेतकी, रसायन इत्यादि विषयांतील पदवी किंवा असें कांहीं शिक्षण लागतें, असा नियमहि झाला. ह्याचा उपयोग झाला, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. पूर्वीं तुडतुड्यावर अळीचें औषध देणारा दुकानदार आतां तुडतुडा ओळखतो, आणि किती पंपांस किती मात्रा हेंहि सांगतो. परंतु ‘किडीचें प्रमाण नुकसानीच्या पातळीखालीं आहे, ह्या आठवड्यांत फवारणी नको, घरीं जा’ असें सांगणारा दुकानदार किती वाचकांस भेटला आहे? शिक्षणानें त्याचें ज्ञान वाढलें. त्याच्या मांडणीवरच्या बाटल्या मात्र तशाच राहिल्या, आणि महिनाअखेर त्या खपल्याच पाहिजेत.

म्हणून पात्रतेचा विचार करतांना दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. त्यास येतें काय, हा एक. व त्यास पैसे कोण देतो, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर परीक्षेनें मिळतें, दुसऱ्याचें मिळत नाहीं. आडत्या आपला माल विकीत असे व आडत आपणच देत होतों. निदान तो आपला माणूस म्हणवीत तरी होता. (२०१६ पासून फळें-भाजीपाल्याची आडत खरेदीदारावर गेली आहे, आणि आतां आडत्या कोणाचा हा प्रश्न आम्हांस मधून मधून पडतो; तें असो.) पैशाच्या बाजारांत मात्र दुसऱ्याचा माल आपणांस विकला जातो, त्याची दलाली मालवाला देतो, आणि आपणांस वाटतें कीं सल्ला फुकट मिळाला.

इंग्लंडांत ह्या दोन्ही प्रश्नांस एकदमच हात घालण्यांत आला. ३१ डिसेंबर २०१२ पासून तेथें गुंतवणुकीचा सल्ला देणारास विश्वविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीची परीक्षा उत्तीर्ण होणें सक्तीचें झालें. दरसाल निदान ३५ तास पुढील अभ्यास करावा व मान्य संस्थेकडून वर्षावर्षास दाखला घ्यावा, असेंहि ठरलें. त्याच दिवसापासून नव्या गुंतवणुकीवर कंपन्यांकडून दलाली घेणें बंद करून, सल्ल्याची फी गिऱ्हाइकाशीं उघड ठरवून घ्यावी असा नियम झाला. परिणाम दुहेरी झाला. राहिलेल्या सल्लागारांचा दर्जा वाढला. परंतु मोठ्या बँकांनीं लहान ठेवीदारांस सल्ला देण्याचें काम आटोपतें घेतलें, कारण थोड्या पैशाच्या माणसास ती फी परवडेना. ऑस्ट्रेलियांतहि शाही चौकशी आयोगाचा २०१९ चा अहवाल व पदवी-परीक्षेच्या नव्या अटी ह्यानंतर सल्लागारांची संख्या पुष्कळच घटली. सारांश, नियम कडक केला कीं ठक कमी होतात, आणि त्याबरोबर लहान माणसाच्या दारीं येणाराहि कोणी उरत नाहीं.

आपल्याकडे तेंच झालें. सेबीनें २०२० सालीं पदव्युत्तर शिक्षण आणि पांच वर्षांचा अनुभव अशा दोन्ही अटी घातल्या, शिवाय स्वतःची पांच लाखांची मालमत्ता दाखविण्याची अट ठेविली. पुढें २०२४ च्या डिसेंबरांत हें ओझें उतरविण्यांत आलें. आतां पदवी पुरते, अनुभवाची अट गेली, व मालमत्तेऐवजीं ठेव ठेवावी लागते. ह्या सैलपणावर कांहीं लोकांनीं टीका केली आहे. आम्हांस ती पटत नाहीं. पदव्युत्तर पदवीनें माणूस प्रामाणिक होतो असें आम्हीं कोठें पाहिलें नाहीं. इंदूर येथील कित्येक सल्लागार-कंपन्या सेबीकडे रीतसर नोंदलेल्या होत्या, तरी मोठमोठ्या नफ्याचीं आश्वासनें देऊन फीवर फी उकळल्याबद्दल सेबीलाच त्यांच्यावर कारवाई करावी लागली. पदवीची अट थोडी खालीं आली तर तालुक्यांतील एखादा शेतकी किंवा वाणिज्य शाखेचा पदवीधर ह्या धंद्यांत येऊं शकेल. मात्र एकाच घरास सल्ला देऊन त्याच घरास दलालीवर माल विकतां येऊं नये, हा जो २०२० चा नियम आहे, त्यांत तिळमात्र ढिलाई होतां कामा नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमची खरी तक्रार परीक्षेच्या विषयांसंबंधीं आहे. सल्लागाराच्या परीक्षेंत चक्रवाढीचें गणित आहे, रोखे आहेत, निवृत्तीनंतरचें नियोजन आहे, विमा, कर व मृत्युपत्र आहे. हें सर्व पगारदार माणसाच्या आयुष्यावर बेतलेलें आहे. त्यास महिन्याच्या पहिल्या तारखेस ठराविक रक्कम मिळते व साठाव्या वर्षीं ती बंद होते. आमचें उत्पन्न दिवाळीच्या सुमारास एकदां व होळीच्या सुमारास एकदां येतें. कधीं मुळींच येत नाहीं. आणि निवृत्तीचें वय आम्हांस ठाऊक नाहीं. हातांत मोबदल्याचे पैसे घेऊन बसलेल्या शेतकऱ्याचे प्रश्न अगदीं निराळे असतात. ह्या पैशांतून आधीं कोणतें कर्ज फेडावें? वेळेवर फेडल्यास तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर व्याज पडूं नये अशी व्यवस्था आपल्या राज्यांत २०२१-२२ पासून झाली. मग तें कर्ज मुदतीआधीं फेडून टाकण्याची घाई करणारा व ट्रॅक्टरचें महागडें कर्ज तसेंच ठेवणारा सल्लागार पदवीधर असला तरी काय उपयोगाचा? जमीन कोणत्या कायद्यान्वयें घेतली गेली, आणि त्याप्रमाणें मोबदल्यावर आयकर पडतो कीं नाहीं? सर्वच जमीन गेली असेल तर शेतकरी म्हणून दुसरीकडे जमीन घेण्याचा हक्क कोणत्या दाखल्यावर टिकतो? २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित जमिनींत मुलींचा वांटा मुलांइतकाच आहे. तेव्हां सातबारावर नांव नसलेल्या बहिणीचा भाग बाजूस काढल्याशिवाय पैसा गुंतविला तर पुढें कोण निस्तरणार? ह्या प्रश्नांपैकीं एकहि मुंबईच्या गिऱ्हाइकास पडत नाहीं, म्हणून तो परीक्षेंतहि पडत नाहीं. शेतीचें अर्थकारण हा एक पेपर, निदान ग्रामीण भागांत काम करूं इच्छिणारासाठीं, असलाच पाहिजे. आणि सल्ल्याचा कागद गिऱ्हाइकाच्या भाषेंत देणें बंधनकारक झालें पाहिजे. १८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यांत शेतकऱ्याचा दस्तऐवज गांव-रजिस्ट्रारासमोरच लिहिला जावा अशी तरतूद होती. त्याच्या आजच्या वारसास इंग्रजी कागदावर सात ठिकाणीं सही करावयास लावावी, हें कांहीं बरें नव्हे.

ह्यावर एक आक्षेप येईल, व तो खोटा नाहीं. ‘आमच्या गांवचा विमा-प्रतिनिधि दहावीच शिकलेला आहे, पण शेजारचा माणूस गेला तेव्हां त्याच्या बायकोचे कागद त्यानेंच तयार केले, चार खेपा स्वतःच्या खर्चानें घातल्या, आणि पैसे मिळवून दिले,’ असें आमचे कित्येक वाचक म्हणतील. अशीं माणसें आम्हांसहि ठाऊक आहेत, आणि त्यांच्याविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु तीं भलीं आहेत तीं आपल्या स्वभावानें. ज्या रीतीनें त्यांस पैसे मिळतात त्या रीतीमुळें नव्हे. त्यांच्याकडून साधा मुदतीचा विमा जरूर घ्यावा. चाळीस लाखांचें काय करावें, हें त्यांस विचारूं नये.

दुसरी अडचण आमच्याकडचीच आहे. सल्ल्यासाठीं पैसे मोजणें आम्हांस जड जातें. माती-परीक्षणाची फी देतों, वकिलास पायरीपायरीवर देतों. पण कागदावर दोन ओळी लिहून देणारास पांच हजार रुपये द्यावयाचे म्हटलें कीं, ‘त्यानें केलें काय?’ असें आम्ही म्हणतों. आमच्या सभासदाच्या पांच लाखांपुढें हे पांच हजार किती, ह्याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा. फंडांत पैसे घालावयाचे ठरलें तर दलालीविरहित थेट योजना १ जानेवारी २०१३ पासून सर्वांस खुल्या आहेत. त्यांत वांचलेल्या दलालींतून सल्लागाराची फी पुष्कळ वेळां निघूनहि जाते.

एकट्या शेतकऱ्यास सल्लागार परवडत नसेल, आणि सल्लागारास एकटा शेतकरी परवडत नसेल, तर मार्ग सहकाराचाच आहे. तालुक्याच्या संघानें सेबीकडे नोंदलेला एक सल्लागार वार्षिक ठराविक फीवर नेमावा. त्यानें महिन्यांतून दोन दिवस, बाजाराच्या दिवशीं, संघाच्या कचेरींत बसावें. सभासदानें आपला सातबारा, बँकेचें पुस्तक व विम्याचे कागद घेऊन जावें. सल्ला मराठींत लेखी मिळावा व त्याची एक प्रत सभासदाच्या हातीं राहावी. त्याची फी संघ देईल व संघ ती सभासदांच्या वर्गणींतून काढील; कोणत्याहि बँकेचा, विमा-कंपनीचा किंवा फंडाचा एक पैसाहि त्यांत येऊं नये, आणि संघानेंहि स्वतः असल्या कोणत्याच वस्तूची दलाली घेऊं नये. ही शेवटची अट लिहितांना, कांहीं संस्थांच्या संचालकांस ती रुचणार नाहीं, ह्याची आम्हांस कल्पना आहे.

तोंपर्यंत, दारीं आलेल्या गृहस्थास त्याचा नोंदणी-क्रमांक विचारावा, तो ‘एआरएन’ आहे कीं ‘आयएनए’ आहे तें पाहावें, व ‘आयएनए’ असल्यास सेबीच्या संकेतस्थळावरील यादीशीं घरांतील शाळकरी मुलाकडून ताडून घ्यावा. ज्यास कोणताच क्रमांक नाहीं आणि जो दरमहा शेंकडा चार-पांच देऊं म्हणतो, त्याचें नांव पोलिस ठाण्यांत कळवावें. अशांसाठीं राज्याचा १९९९ चा व केंद्राचा २०१९ चा कायदा आहे. विमा घेऊन झाला असेल व कागद हातीं पडून तीस दिवस झाले नसतील, तर तो परत करतां येतो.

संघाच्या चिटणीसांस आम्हीं वरील योजनेचा कच्चा मसुदा पाठविला आहे. ज्या सभासदांस मोबदल्याच्या पैशासंबंधानें असे अनुभव आले असतील, त्यांनीं पावत्या व करारपत्रें ह्यांच्या नकला जोडून आमच्याकडे लिहून पाठवावें. नांवें छापलीं जाणार नाहींत. मात्र कागद कोणत्या महिन्यांत, कोणाच्या सांगण्यावरून व किती हप्त्याचा घेतला, हें स्पष्ट लिहावें, म्हणजे मसुदा सभेपुढें ठेवतांना ती माहिती जोडतां येईल.